न उचललेल्या पत्रावळी

आमच्या कंपनीत 'आपोआप' हा शब्द तोंडातून काढायला बंदी होती. लेखी नियम नव्हता, पण सुवार्ता मॅडमच्या कानावर तो शब्द पडला की बोलणाऱ्यानं त्या दिवशी सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे, हे ठरलेलं. कोणी म्हणायचं, "मॅडम, डिस्प्ले आपोआप बंद झाला." मॅडम चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "आपोआप म्हणजे कोणी केला?" मग आपणच म्हणायच्या, "आपोआप काही होत नाही, बाबा. कोणीतरी करतं, आपलं लक्ष नसतं एवढंच. जा, कप विसळ." मी नवीन लागलो त्या पावसाळ्यात इतके कप विसळले की चहावाला मला आपल्याच धंद्यातला समजायला लागला.

कंपनी म्हणजे कारेगावातलं एक पत्र्याचं शेड आणि वर दोन खोल्या. आजूबाजूला मोठमोठे कारखाने, आणि त्यांच्या आडोशाला आम्ही. दूध डेअरीत ठेवतात ती मशीनं बनवायचो. शेतकरी दूध घेऊन आला, वजन झालं, फॅट लागलं, त्यावरून भाव ठरला की मशीन पावती छापतं आणि त्याच्या मोबाइलवर मेसेज पाठवतं. माझं काम वायरी जोडायचं आणि गावोगाव जाऊन मशीन बसवायचं. मशीनच्या डोक्यात जे चालायचं ते सगळं मॅडमनी लिहिलेलं, सी भाषेत. सी ही कॉम्प्युटरची जुनी आणि कडक भाषा. मॅडम म्हणायच्या, "हिच्यात जागा मागितली की मिळते, पण काम झाल्यावर परत द्यायची आठवण आपली आपण ठेवायची. मागून झाडलोट करणारं कोणी नसतं." मला तेव्हा त्यातलं काडीचं कळत नव्हतं, पण मान हलवायला काय जातंय.

मॅडम शिरूरच्या मिशन कंपाउंडात वाढलेल्या. वडील तिथल्याच बोर्डिंगचे वॉर्डन. पन्नाशी कधीच उलटलेली, अंगकाठी ठेंगणी, सुती साडीवर बाराही महिने एक राखाडी स्वेटर. शिरूरहून रोज स्कूटरवर यायच्या, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायच्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही असं आमच्यातल्या एका आगाऊ पोरीनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "बघायला आलेल्यांचे प्रश्न फार लहान होते गं. स्वयंपाक येतो का, एवढाच."

स्वतःचे प्रश्न मात्र त्या कुठंही सोडायच्या. मशीन बसवायला दौंडकडं निघालो की न्हावऱ्यावरून भीमेचा पूल ओलांडून जायचं, आणि पुढं केडगावच्या अलीकडं-पलीकडं गुऱ्हाळं लागायची. एकदा त्यांनी गाडी थांबवायला लावली आणि सरळ कढईपाशी जाऊन गुळव्याला विचारलं, "पाक झाला हे तुम्हाला कसं कळतं?"

गुळव्या म्हणाला, "कळतंय की ताई. अंदाजानं."

"अंदाज कशाचा? वासाचा, रंगाचा, का बुडबुड्याचा?"

बिचाऱ्यानं असा विचार कधी केलेला नव्हता. त्यानं पाकाचा थेंब पाण्यात टाकला, गोळी करून दाखवली, मग फुटणाऱ्या बुडबुड्यांचा आवाज ऐकवला. मॅडम कढईवर कान लावायच्या बाकी होत्या. शेवटी तो वैतागून म्हणाला, "ताई, तुमच्या नादात गूळ करपंल माझा!" आम्ही डेअरीत पोचेपर्यंत तिथं कुलूप लागलं होतं. मी चिडलो होतो, पण त्यांच्या तोंडावर देवदर्शन करून आल्यासारखं समाधान होतं. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

माझ्या लग्नाला त्या भांडगावला आल्या होत्या. हल्ली सगळीकडं बुफे असतो, पण आमच्या आबांच्या हट्टामुळं पंगतच होती. जेवण झालं आणि मॅडम आपली पत्रावळ उचलून चालू लागल्या. माझे चुलते पळतच आले. "अवो मॅडम, ठेवा, ठेवा ती! पावण्यानं पत्रावळ उचलायची म्हंजी? गावात तोंड दाखवायला जागा ठेवा की आमाला."

मॅडम ओशाळल्या. त्यांच्या बोर्डिंगमध्ये ज्याचं ताट त्यानं उचलायचं, त्यानंच घासायचं. ताट सोडून उठणं म्हणजे पापच. लहानपणी एकदा त्या तशा उठल्या तेव्हा वडील काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. ते बघणं त्यांना आयुष्याला पुरलं. पण ओशाळणं किती वेळ टिकणार? लगेच चुलत्यांना विचारलं, "मग उचलतं कोण?"

"हायेत की मानसं."

"कुठं आहेत? मला दाखवा."

चुलत्यांनी दाखवली. मांडवाच्या कडेला भावकीतली पोरं बाह्या सरसावून उभी होती. पंगत उठली रे उठली की आत शिरायची, पत्रावळी गोळा करायची, जागा झाडायची, की पुढची पंगत बसलीच. मॅडम पुढच्या दोन्ही पंगती उभ्यानं बघत राहिल्या. आमच्या घरचे लोक मला बाजूला घेऊन विचारायला लागले की बाईंना काही होतंय का.

आता वरवंडची हकिगत सांगायला हवी, कारण मॅडम म्हटलं की मला तीच आधी आठवते.

वरवंडच्या डेअरीत आमचं मशीन बरीच वर्षं बिनतक्रार चाललं होतं. मग ते एकाएकी बंद पडायला लागलं. सकाळी गर्दीच्या ऐन भरात पडदा गोठायचा, पावती निघायची नाही. मी जाऊन सप्लाय बदलला, बोर्ड बदललं, वायरी नव्या टाकल्या. काही उपयोग झाला नाही. आणि त्या सगळ्याचं खापर फुटलं मनीषावर.

मनीषा ही मशीन चालवणारी मुलगी. गावातलीच सून, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, नुकतीच कामाला लागलेली. मशीन बंद पडलं की रांग खोळंबू नये म्हणून ती उरलेल्या लोकांच्या पावत्या हातानं लिहायची. लोक आधी म्हणायचे, हिच्या हाताला मशीन टिकत नाही. मग म्हणायला लागले, ही मुद्दाम बंद पाडते आणि हातानं लिहिताना आपल्या घरच्यांचं फॅट वाढवते. सासरी रोज टोमणे. डेअरीच्या येत्या सभेत तिला काढून टाकायचं जवळजवळ ठरल्यात जमा होतं, आणि खोटेपणाचा शिक्का घेऊन त्या गावात तिनं राहायचं कसं, हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता.

मी मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "चल, बघू."

आम्ही गेलो तेव्हा सकाळचं संकलन चालू होतं. मनीषानं मॅडमना खुर्ची दिली आणि खालच्या आवाजात विचारलं, "मॅडम, मी कुठलं चुकीचं बटन दाबती का ओ? खरं सांगा. मला रात्री झोप न्हाई लागत."

"ते बघायलाच आले," मॅडम म्हणाल्या आणि बाहेर रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. रांगेत किसनमामा म्हणून एक म्हातारे होते, हातात किटली, तोंडाचा पट्टा चालू. मनीषाविरुद्ध सगळ्यात मोठ्यानं बोलणारे तेच. मॅडमनी त्यांनाच गाठलं.

"मामा, मशीन कधीपासून बंद पडतंय?"

"ही पोरगी आल्यापासनं. दिवाळीच्या फुडं."

"नक्की?"

"नक्की म्हंजी? आदीचा गडी व्हता तवा कवा बंद पडलं न्हाई. इचारा कुणालाबी."

"बरं. दिवाळीनंतर डेअरीत आणखी काय काय नवीन आलं?"

हा प्रश्न त्या रांगेत तोपर्यंत कोणी विचारलेला नव्हता. लोक एकमेकांकडं बघायला लागले. किसनमामांनी किटली खाली ठेवली. "नवीन काय? भिताडाला रंग दिला. उंदरं लय झाली म्हून मांजर आनलं. आन् हां, इन्व्हर्टर बसवला. आदी रोज सकाळी लाइट जायाची. आता गेल्याली बी कळत न्हाई."

मॅडमचा चष्मा कपाळावर गेला. "रोज जायची?"

"रोज म्हंजी रोज. निम्मं दूध झालं की गेलीच. मशीन बंद. मंग आली की पुन्यांदा चालू करायचं."

परत येताना गुऱ्हाळाच्या चिमणीतून धूर निघत होता, तरी मॅडमनी गाडी थांबवायला सांगितलं नाही. तेव्हाच मी समजलो की प्रकरण साधं नाही.

ऑफिसात त्यांनी एक मशीन मांडलं आणि मला शेतकरी केलं. बादलीतलं पाणी हेच दूध. मी मापं ओतायची, बटण दाबायचं, पावती घ्यायची, परत तेच. शेजारच्या लॅपटॉपवर मशीनची मोकळी मेमरी किती उरली त्याचा आकडा होता. प्रत्येक पावतीमागं तो थोडा खाली जायचा आणि परत वर यायचा नाही. माझा हात दुखायला लागला, फरशीवर तळं झालं, आणि अखेर मशीन वरवंडच्या मशीनसारखंच गोठलं.

मॅडम उठून आपल्या जुन्या प्रोग्रामकडं गेल्या. बराच वेळ वाचत होत्या. मग म्हणाल्या, "संदीप, इकडं ये. सापडलं. माझंच आहे."

त्यांनी समजावलं ते असं. मशीनला एकाच वेळी दोन कामं असतात, पुढच्याचं दूध मोजायचं आणि मागच्याला मेसेज पाठवायचा. म्हणून प्रत्येक मेसेजसाठी प्रोग्राम एक वेगळा गडी कामाला लावतो. त्याला थ्रेड म्हणतात. गड्याला बसायला थोडी मेमरी दिलेली असते. मेसेज गेला की गडी संपतो, पण त्याची जागा मोकळी झालेली नसते. ती तशीच अडकून पडते. अशा जागा साठत जातात आणि शेवटी नव्या गड्याला बसायला जागाच राहत नाही.

"आणि पूर्वी रोज लाइट जायची," मॅडम म्हणाल्या, "मशीन बंद पडायचं आणि सगळं झाडून निघायचं. बघ ना, इतकी वर्षं माझ्या चुकीवर लोडशेडिंगनं पांघरूण घातलं!" त्यांचा चेहरा पडलेला नव्हता. गुळव्याच्या कढईपाशी होता तसाच होता. "मला वाटलं होतं, काम संपलं की गडी आपली जागा उचलून जातो."

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हणजे आपोआप?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग निमूट उठल्या, सगळ्यांचे कप गोळा केले आणि मोरीवर जाऊन विसळायला लागल्या. आम्ही कोणी हसलो नाही.

दुरुस्ती दोन-चार ओळींची होती. पण आमचे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, हुशार माणूस. ते म्हणाले, "मॅडम, दुरुस्ती गुपचूप टाका. संदीप सर्व्हिसिंगला गेला की टाकून येईल. चूक आपली होती हे बोलायचं काही कारण नाही. गावोगाव आपली मशीनं आहेत."

"मशीन चालू होईल, साहेब. त्या पोरीचं काय?"

"मशीन चालू झालं की लोक विसरतील."

"लोक म्हणतील, पोरगीला दम भरला म्हणून मशीन सुधारलं," मॅडम म्हणाल्या. "मी सभेला जाणार आहे. हवं तर रजा टाकून जाते."

साहेबांचं तोंड लाल झालं. मी वायरी गुंडाळण्यात फार गर्क असल्याचं दाखवलं.

सभा डेअरीच्या वरच्या खोलीत होती. चेअरमन आप्पा मध्ये, संचालक दोन्ही बाजूंना, सभासद सतरंजीवर आणि मनीषा दाराला टेकून उभी. डोक्यावरचा पदर हातात घट्ट धरलेला. मॅडमना खुर्ची दिली होती, पण त्या उभ्याच राहिल्या.

"तुमच्याकडं लग्नात पंगत बसते," त्यांनी सुरुवात केली, आणि खोलीत चुळबुळ झाली. "पंगत उठल्यावर पत्रावळी कोण उचलतं?"

आप्पा म्हणाले, "घरची मानसं. पावना कसा उचलंल?"

"बरोबर. आमच्या बोर्डिंगात उलटं. ज्याची त्यानं उचलायची. आता या मशीनच्या भाषेत दोन्ही रिती आहेत. तुमची रीत म्हणजे जॉइन. कोणीतरी कडेला थांबायचं आणि जेवणारा उठला की त्याची पत्रावळ उचलायची. आमची रीत म्हणजे डिटॅच. बसतानाच सांगून टाकायचं, बाबा, तुझी तू उचल, तुझ्यासाठी कोणी थांबणार नाही. दोन्हींतली एक सांगावी लागते. काहीच सांगितलं नाही तर मशीन तुमच्या गावची रीत धरतं. पत्रावळ तशीच ठेवून वाट बघत बसतं, घरचं माणूस येईल म्हणून. हा प्रोग्राम मी लिहिला. मी बोर्डिंगातली. मला वाटलं, जो तो आपली उचलतोच, त्यात सांगायचं काय? मी सांगितलं नाही. मेसेज पाठवणारे उठून गेले, पत्रावळी तशाच राहिल्या. मांडव भरला आणि पुढची पंगत बसेना."

एक संचालक म्हणाले, "मंग आदी कसं चालत हुतं?"

"लाइट जायची. लाइट जाणं म्हणजे मांडवच मोडून परत घालणं. पत्रावळी त्याच्याबरोबर जायच्या. इन्व्हर्टर आला आणि मांडव मोडायचा थांबला."

आप्पा पुढं वाकले. "म्हंजी या पोरीनं काय केलं न्हाई?"

"तिनं मशीन नीट चालू ठेवलं, म्हणून ते बंद पडलं. कंटाळून तिनं रोज मध्येच एकदा बंद-चालू केलं असतं, तर तुम्हाला कळलंही नसतं. चूक माझी आहे, आप्पा."

शहाणपणाचा आव आणणारा एक जण बोललाच, "मॅडम, तुमी कंपनीच्या असून कंपनीच्याच इरोधात बोलताय."

"विरोधात कशाला बोलू? ही मनीषा इथं उभी आहे. तिच्या देखत खरं तेवढं बोलतेय."

आप्पांनी विचारलं, "आता कंची रीत धरली?"

"मेसेजच्या गड्याला बोर्डिंगची. त्याच्यासाठी थांबलो तर पुढच्याचं दूध कोण मोजणार? आणि त्याच्या हातात मजकुराची चिठ्ठी दिलेली असते, ती काम झाल्यावर त्यानंच फाडायची."

मनीषाची नोकरी राहिली. पण नोकरी राहणं वेगळं आणि गावाच्या मनातलं किल्मिष जाणं वेगळं. सभेनंतरही लोक पावती उन्हात धरून वाचायचे, मागच्याला दाखवायचे, मग तिच्याकडं बघायचे. ती खाली मान घालून काम करायची. मी सर्व्हिसिंगला तिकडं गेलो की मॅडम फोन करून विचारायच्या, "आता बघतात का रे तसे?" मी म्हणायचो, बघतात.

साहेबांनी मॅडमशी बोलणं टाकलं. आमच्या सगळ्या मशीनमध्ये दुरुस्ती घालत आम्ही दोघं गावोगाव फिरलो, प्रत्येक ठिकाणी मॅडमनी चूक कोणाची ते सांगितलं, आणि ते काम उरकल्यावर त्यांनी राजीनामा दिला. मला तो दिवस फार वाईट गेला. नोकरी सोडून काय करणार असं विचारलं, तर म्हणाल्या, "बघू. पुष्कळ काही माहीत नाही मला अजून."

जाताना त्यांनी एकच गोष्ट मागितली, वरवंडला एकदा सकाळच्या वेळी न्यायची. आम्ही डेअरीसमोरच्या बाकड्यावर बसलो. रांग मोठी होती. मध्येच लाइट गेली, पंखा थांबला, मशीन चालूच राहिलं. पावत्या निघत होत्या, लोकांच्या खिशात मोबाइल वाजत होते.

किसनमामांचा नंबर आला. दूध मोजलं गेलं, पावती निघाली. त्यांनी ती डोळ्यांपाशी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. फॅट नेहमीपेक्षा बरंच कमी लागलं होतं. मागच्यानं वाकून बघितलं. मनीषाचे हात मशीनवर होते तिथंच थिजले. माझ्या शेजारी मॅडमनी बाकड्याची कड धरली.

मामांनी पावतीकडं बघितलं, मनीषाकडं बघितलं. मग पावतीची घडी करून खिशात घातली आणि किटली उचलत म्हणाले, "म्हशीनं काल पेंड खाल्ली न्हाई. मला वाटलंच हुतं." आणि मागं वळून त्या वाकलेल्या माणसावर खेकसले, "तू काय बघतोस? हो फुडं!"

मनीषानं पदरानं तोंड पुसलं आणि पुढची किटली घेतली.

मी मॅडमकडं बघितलं. बाकड्यावरची त्यांची जागा रिकामी होती. चष्मा कपाळावर, एका हातानं साडी चिखलातून उचललेली, अशा त्या झपाझप किसनमामांच्या मागं गोठ्याकडं निघाल्या होत्या. मामा थांबून त्यांना काहीतरी सांगत होते आणि त्या विचारत होत्या, "पण का नाही खाल्ली? आधी कधी असं झालं होतं?"